उंबराखालचा कुत्रा

९ ऑक्टोबर
आजपण भुंकला! मी ओरडलो की गप्प, भाकरी थापायला बसलो की परत सुरू. याचं माझ्याशीच वैर आहे. अख्ख्या आपटा गावात भुंकायला दुसरा माणूस नाही का?

आणि भुंकायची तऱ्हा तरी कसली — एकदा भुंकणार, थांबणार, परत एकदा. शाळेत हजेरी घ्यायचे तसं. हजेरीला कंटाळूनच मी सातवीत शाळा सोडली. आता हिंगोलीहून एवढ्या लांब आलो तर हा रोज दिवेलागणीला माझी हजेरी घेतो! तोंड मात्र दाखवत नाही. उंबराखाली घाणेरीच्या जाळीत दडून बसतो. दगड मारला की सळसळ, आणि गायब.

विश्वजीत साहेबांचा हुकूम आहे, रानात कुत्रा नको. कुत्रा असला की भेकर येत नाही. भेकर म्हणजे इकडचं लहान हरीण. ते यावं म्हणून तर साहेबांनी ही जमीन राखली आणि मला ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
साहेब नवीन पनवेलहून आले. दर रविवारी तेच. "आनंदा, घाणेरी उपट. गवताला हात लावू नको. वणवा अडवायला आखलेली पट्टी साफ ठेव. पाणवठा भर, उंबराखाली मिठाचा खडा ठेव. बाकी काही करू नको."

बाकी काही करू नको — याचा पगार! आमच्या रानात एवढं गवत माजलं असतं तर बापानं मलाच खुरपलं असतं.

पाणवठ्यावर साहेबांनी कॅमेरा बांधलाय. कोणी हललं की आपोआप फोटो. आज त्यातले बघितले. शेजारच्या वाडीतल्या सखूबाईच्या शेळ्या. सखूबाईच्या शेळ्या. शेळीचं नुसतं बूड. मग मी — अंगभर साबण, डोळे मिटून गाणं म्हणतोय. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "आनंदा, पाणवठा जनावरांसाठी आहे."
"मी कुठं नाही म्हणतोय?"

जाताना मात्र तोंड पडलेलं. साहेबांच्या मिसेस अनुया मॅडम आता ऐकत नाहीत, जमीन विकाच म्हणतात. भावेश शेठला जमीन हवी आहे. झाडं काढणार, सपाट करणार, कमान लावून बंगल्याचे प्लॉट पाडणार. "नोव्हेंबरपर्यंत एक भेकर दिसलं तर मी घरी तोंड उघडू शकतो. नाहीतर सही करावी लागेल. मग तूपण बघ कुठंतरी."

मी बघूनच ठेवलंय. आमच्या गावचा बाळू पुण्यात गोदामावर आहे, कधीचा बोलावतोय. आईला दर महिन्याला सात हजार पाठवतो, तरी डब्यात बाराशे साठवलेत. पळून जायचे बाराशे!

१५ ऑक्टोबर
आईचा फोन. हरणांनी तुरीचे शेंडे खाल्ले म्हणे.
"तुझं काय काम असतं रे तिथं?"
"हरणं बोलवायची."
"बोलवायची?"
"हो."
"पगार देऊन?"
"हो."
"मग इथली धा-बारा घेऊन जा की! तुझं काम होईल, माझी तूर वाचंल."

१८ ऑक्टोबर
दगडाला ऐकत नाही, म्हटलं लाच देऊन बघू. उंबराखाली अर्धी भाकरी ठेवली. शिवला नाही. सुकट ठेवली, तिचा वाससुद्धा घेतला नाही. पण खाली पडलेली उंबरं साफ! मिठाचा खडापण चाटलाय.

शाकाहारी कुत्रा! इकडच्या कुत्र्यांना एकादशी असते का काय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
साहेबांचा शुभेच्छांचा फोन आला. मी "तुम्हालापण साहेब" म्हणेपर्यंत ह्यानं तिकडून हजेरी सुरू केली. साहेबांना फोनवरच ऐकू गेलं.
"आनंदा! तो कुत्रा अजून आहे? आधी हाकल त्याला!"

हुकूम म्हणजे हुकूम. गावातून सुतळी बॉम्ब आणला. गवताला धक्का नको म्हणून साफ केलेल्या पट्टीवर नेऊन लावला. असा वाजला की माझेच कान गेले. सखूबाईच्या शेळ्या थेट गावात.

मग एकदम शांत. जिंकलो!

२२ ऑक्टोबर
शांत.

२५ ऑक्टोबर
अजून शांत. लई शांत. भाकरी एका बाजूनं करपली, लक्षच नव्हतं. मीच एकदा जाळीकडं तोंड करून "हजर!" म्हणून ओरडलो. कोणी बघितलं नाही ते बरं.

२९ ऑक्टोबर
मेलो!

सखूबाई शेळ्या घेऊन आली. म्हातारी तोंडाची तिखट. आल्याआल्या म्हणते, "काय रं, भेकराला फटाका लावलास?"
"कुठल्या भेकराला?"
"रोज उंबराखाली भुकतंय त्याला."
"तो कुत्रा आहे!"

सखूबाई खालीच बसली हसायला. शेळ्या चरायच्या थांबल्या. "आरं येड्या, ता भेकर हाय! भेकर भुकतं! आमी समदी बोलतो, ह्यो साहेब काय तरी येगलाच हाय. भेकरासाठी पानी भरतो, आन त्यालाच दगडं मारायला मानूस ठेवतो!"
"मग आधी का नाही सांगितलंस?"
"पगार तुला हाय. आमी कशाला बोलायचं?"

उठून गेली, परत मागं आली. "आन त्या पान्यात आंगोल नको करू. तुज्या साबनाच्या वासानं मानसं पलतात, भेकराचं काय घेऊन बसलास!"

३० ऑक्टोबर
आमच्याकडची हरणं गप असतात. उड्या मारतात, पीक खातात, पण तोंडातून आवाज नाही. हरीण भुंकतं हे मला कोण सांगणार? साहेबांनापण कुठं ठाऊक होतं!

लहानपणापासून पत्र्याचा डबा बडवून हरणं हाकलली. हाताला तेच वळण. इथं बोलवायला ठेवलं, तरी मी हाकललंच — ते पण ओळख नसताना!

२ नोव्हेंबर
पाणवठा पूर्ण उपसला, घासला, ओढ्यावरून कावडीनं पाणी आणून भरला. खांदा सोलला. आंघोळ आता वाडीच्या नळावर. गाणी बंद. खोकला आला तर तोंडात गमछा. साहेबांनी विचारलं, एवढा गप्प का? म्हटलं, घसा बसलाय. काय सांगू, तुमचं भेकर मी बॉम्ब लावून पळवलं?

उंबराखाली फळांचा सडा पडलाय. कोणी खात नाही.

९ नोव्हेंबर
पुढच्या रविवारी भावेश शेठ मोजणीला येणार. बाळूचा फोन — लवकर ये, जागा भरतेय. बाराशे मोजले. परत डब्यात ठेवले.

१३ नोव्हेंबर
चार उंबरं कमी! का मला तसं वाटतंय?

१६ नोव्हेंबर, रविवार
भावेश शेठ पांढरे बूट घालून आले. सोबत टेप धरायला एक माणूस. "कमान इथं. हा उंबर काढावा लागेल, रस्त्यात येतो." साहेब नुसतं हं, हं करत होते. टेप ओढता ओढता दिवस कलला.

आणि जाळीतून — एकदा. थांबला. परत एकदा.

भावेश शेठ उडी मारून थेट पाणवठ्याच्या चिखलात! "चावतो का हो?"
साहेब माझ्यावर लाल. "आनंदा, अजून तो कुत्रा!"

मी साहेबांचा हात धरला. मालकाचा हात! ओढत झाडामागं नेलं आणि बोट केलं.

जाळी हलली. तांबूस अंग, शेळीएवढं. बारकी शिंगं. मान खाली घालून उंबरं खात होतं. मग मान वर केली, आमच्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि भुंकलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत!

साहेब मटकन घाणेरीतच बसले. "अरे... मीच फोनवर सांगितलं ना रे, हाकल म्हणून?"
"हो साहेब. मी बॉम्ब लावला."
दोघांनाही हसू फुटायला लागलं. हसायची सोय नाही, पळालं असतं. तोंडात गमछा कोंबला. त्याचं दुसरं टोक साहेबांनी त्यांच्या तोंडात कोंबलं.

मागून भावेश शेठ, "बकरी आहे काय?"
साहेब वळलेसुद्धा नाहीत. "शेठ, हळू बोला. आणि ती टेप गुंडाळा."

१८ नोव्हेंबर
साहेबांनी तिथंच मोबाईलवर काढलेला भेकराचा फोटो बघून मॅडमनी सही थांबवली. बाळूला सांगितलं, जागा दुसऱ्याला दे, इथं रोज हजेरी असते. आईला सात हजार नेहमीचे आणि बाराशे पळून जायचे — आठ हजार दोनशे.