दोन्ही कानांना सारखं

सोमवार, ३

आलो एकदाचे! सामान वर चढवायला मेहुणा आला होता. डिग्रीवाला इंजिनिअर, स्पीकरचं वजन किती भरेल ते जिन्यात उभं राहून सांगत होता, उचलत मात्र मी होतो. असो, आज कुणावर चिडायचं नाही. बावन्नाव्या वर्षी गाणं ऐकायला स्वतंत्र खोली मिळाली आहे. साडेचौदा फूट बाय अकरा, एकच दार, लाकडी जमीन. ही म्हणाली, आता तरी माझ्या स्वयंपाकघरातून तुमचा तारांचा संसार हलवा.

आधीचा भाडेकरू एक प्रीॲम्प, म्हणजे स्पीकरआधी गाण्याचा आवाज वाढवणारा डबा, मागे ठेवून गेलाय. घरमालक म्हणाला, वापरा खुशाल, तो काही परत यायचा नाही. आतलं जोडकाम पाहिलं. डाखाचा एकही टाका फुगलेला नाही. हाताचा माणूस होता. कानाचा नव्हता. जमिनीत खुर्चीच्या पायांचे चार खळगे मधोमध आहेत, ते योग्यच. पण आणखी चार खळगे कोपऱ्यात, चांगले खोल, एक कान भिंतीला टेकेल असे. तिथे बसून कुणी गाणं ऐकतं? टेबलाच्या खणात कापसाचे बोळे निघाले, मूठभर, बोटाच्या पेराएवढे. रेकॉर्डी कापसाने पुसत असणार. आनंद आहे! टाकून द्यायला हवेत.

बुधवार, ५

प्रीॲम्प लावला. आवाज गोड, पण खाली सतत घरघर. आणि घरघरीच्याही खाली पुटपुट. शब्द कळत नाहीत. कुणी स्वतःशी वाचावं तशी लय. मी इथे टिपणं लिहीत असलो की येते, पेन्सिल कागदावरून उचलली की थांबते. तीनदा तपासलं. ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत असेल म्हणून जाऊन पाहिलं. झोपली होती. निदान डोळे तरी मिटलेले होते.

शनिवार, ८

प्रीॲम्प बॅलन्स्ड करायचं ठरवलं. मेहुणा म्हणाला, भावोजी, नवा घ्या की, मढं कशाला उकरताय? मी म्हटलं, नवा कुणीही आणतो, त्याला डिग्रीही लागत नाही. ही तोंडाला पदर लावून हसली. कुणाला हसली ते कळलं नाही.

गोष्ट साधी आहे. आत्ता गाणं एकाच तारेवरून जातं, आणि वाटेत जी घाण चिकटते ती गाण्यासकट स्पीकरला पोचते. आता दोन तारा ओढायच्या. एकीवर गाणं सुलटं, दुसरीवर तेच उलटं. वाटेतला गोंगाट दोघींना सारखाच चिकटतो. शेवटी एकीतून दुसरी वजा करायची. दोघींवर जे सारखं ते शून्य होतं. वेगळं तेवढं उरतं. अट एकच, दोन्ही बाजू तंतोतंत जुळ्या हव्यात. दोनशे रेझिस्टर मीटरवर मोजले, त्यातले सोळा पास झाले. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मंगळवार, ११

झालं! घरघर गेली. पुटपुटही गेली. इतकी शांतता, की गाणं सुरू होण्याआधी गायिका श्वास घेते तो ऐकू येतो. खुर्ची मधोमध ठेवली, दाराकडे पाठ. दोन्ही स्पीकर दोन्ही कानांपासून टेप लावून सारख्याच अंतरावर, सुताचाही फरक नाही.

हिला ऐकायला बोलावलं. दारापर्यंत आली, माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि तशीच मागे फिरली. कौतुकाचा एक शब्द नाही.

गुरुवार, १३

सकाळी जेवणाच्या टेबलावर ही समोर बसून नुसते ओठ हलवत होती. आवाज नाही. मी पाण्याच्या तांब्यासाठी वळलो तर डाव्या कानात स्पष्ट आलं, "...बहिऱ्याशी बोलतेय का मी?" पुन्हा समोर पाहिलं. पुन्हा नुसते ओठ.

भावाने शिकवलेली थट्टा दिसते.

दुपारी त्याला फोन केला आणि झाडला. त्याचा शब्दन् शब्द ऐकू आला. म्हणजे माझे कान ठणठणीत आहेत. मग खोटं कोण वागतंय?

खोकलो. खोकला ऐकू आला नाही.

शनिवार, १५

गजराचं घड्याळ घेऊन रीतसर चाचणी केली. डावीकडे धरलं, टिकटिक. उजवीकडे, टिकटिक. नाकासमोर, काही नाही. ठीक डोक्यामागे, काही नाही. एक बोटभर सरकवलं की पुन्हा टिकटिक.

दोन्ही कानांना जे सारखं येतं ते शून्य. माझा स्वतःचा आवाजसुद्धा. पण मी तर फक्त प्रीॲम्प बदलला होता.

ही आजही जेवताना तेच करत होती. ओठांची हालचाल दरवेळी तीच, चारपाच शब्दांची. आणि नजर माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे. मी ओरडलो असणार, कारण ती दचकली. बावीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती, आज रडली. मी मान वळवून ऐकायला हवं होतं. नाही वळवली. मुद्दाम.

बॅग घेऊन भावाकडे गेली.

रविवार, १६

घरात एकटा. दुपारचे बारा.

मान डावीकडे वळवली की मागे पाऊल वाजतं. एकच. मग शांत. उजवीकडे वळवली, पुन्हा एक.

सरकून मधोमध येतंय. मी ऐकू नये म्हणून.

पुटपुट गेली नव्हती. मीच ती ऐकायचा थांबलो —

चार वाजता. खुर्ची कोपऱ्यात ओढली. पाय जुन्या खळग्यांत बरोबर बसले. पाठ भिंतीला टेकवायला जोर लावला. खुर्ची मागे जात नाही. वीतभर जागा उरते. मी ठेवलेली नाही.

सोमवार, १७

सकाळी हिचा फोन. एका कानाला, त्यामुळे लख्ख. इतके दिवस जे सांगत होती तेच म्हणाली. "अहो, मागे न बघता या." मंगळवारी तिने खुर्चीमागे कुणीतरी उभं पाहिलं होतं. मग जेवताना रोज. खाली फाटकाशी गाडी घेऊन उभी आहे, भावाबरोबर. तो हसत नव्हता. म्हणाला, भावोजी, तुमचंच खरं, पण आधी खाली या.

जाणार आहे. पण मोजल्याशिवाय मी काही मानलेलं नाही. एक कान बंद केला तर वजाबाकीच होणार नाही. मग सगळं ऐकू येईल.

खण उघडला. बोळे रेकॉर्डी पुसायचे नव्हते. टोकाला पिवळे आहेत.

डाव्या कानात घातला.

पेन्सिलीची खरखर. माझा श्वास. आणि पुटपुट, मानेशी, आता शब्द कळतात. आता शब्द कळतात, असंच म्हणाला. मी लिहितो ते वाचतोय. लिहितो तसं —

थांबलो. तो थांबला नाही.

पुढचं वाचतोय. मी न लिहिलेलं. त्यात ही आहे. जिना चढून —

नाही. हे लिहायचं नाही. फोन करून सांगायला हवं, वर येऊ नकोस, फोन टेबलावर आहे, हात पेन्सिल सोडत

लिहायचं नाही लिहायचं

ही जिना चढून वर आली. तिने दार