मुक्त आणि फुकट यांतला फरक, व माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्म्याच्या काचा घासून बसवणे, नाव व पत्ता सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आणला होता. वकिलांना तो चालला नाही. मग नेहमीच्या डॉक्टरांकडून दुसरा घेतला. दोन्ही जोडले आहेत.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात भाच्याचे नाव पहिल्याच ओळीत होते. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. का रद्द केले हे लिहिण्याची कायद्याला गरज नाही, असे वकील म्हणतात. कायद्याला नसेल, मला आहे.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, माझ्या पश्चात माझ्या पत्नीला कायम मालकी हक्काने मिळावे. तिच्या पश्चात तिची मर्जी. 'तुम्हाला एकटीला झेपणार नाही' असे म्हणून कोणी तिला घर विकायला लावू नये. तिला दिसत नाही. कळत नाही असे नाही. कोणी खुर्ची वीतभर सरकवली तर ते तिला माझ्याआधी कळते.

कलम २. दुकानातला माझा हिस्सा, काच घासायचे यंत्र आणि फ्रेम गरम करायची पेटी भागीदाराला. बारीक स्क्रू ड्रायव्हरने चहा ढवळायची सवय त्याने आता तरी सोडावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करायची आहे. सावकाश करील, पण करील.

कलम ३. आईचा मोठा आरसा ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, भाच्याच्या आईला. कलम ४ मध्ये लिहिलेला भाच्याचा प्रकार उघडकीला आल्यावर ती मला म्हणाली, की पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. आरशावर राग नाही, म्हणून तो तिला.

कलम ४. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर, हेडफोन आणि दोन्ही स्पीकर पत्नीला. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट कोणीही, कोणत्याही कारणाने, जोडू नये. नव्या आवृत्तीच्या नावाखाली त्यावर काहीही चढवू नये. याचे कारण सविस्तर लिहितो.

पत्नीची नजर हळूहळू गेली. उभा जन्म मी लोकांना नीट दिसावे म्हणून काचा घासल्या आणि घरात माझ्या एकाही काचेचा उपयोग झाला नाही. तिला कॉम्प्युटरवरचा एक जुना खेळ फार आवडायचा. भुयारात शिरायचे, दारे शोधायची, खजिना घेऊन बाहेर यायचे. तो खेळ विकला जाईना, तेव्हा कंपनीने त्याचा सगळा कोड लोकांसाठी खुला केला. नाइलाजाने केला, तरी उपकारच. कोड उघडा असेल तर माझ्यासारखा हौशी माणूसही आत हात घालून फेरफार करू शकतो. पोरे त्याला मॉड म्हणतात. पुष्कळांना हा रिकामटेकडेपणा वाटतो. माझे मत असे, की नंबर बदलला म्हणून कोणी फ्रेम फेकत नाही, काच बदलतो.

गिऱ्हाइकांच्या अधल्यामधल्या वेळात मी शिकलो. माझ्या मॉडमध्ये भुयार ऐकू येते. भिंत जवळ आली की पावलाचा आवाज आखडतो, दार असेल तर पोकळ होतो, पाणी असेल तर ओला. आवाज मी करायचो, चुका ती काढायची. दार फार उशिरा बोलते, असे ती म्हणाली की मी पुन्हा बसायचो. निम्मे काम तिच्या कानांचे आहे. पुढे हा खेळ न दिसणारी कितीतरी माणसे खेळू लागली. त्यांतले निम्मे लोक 'पुढची आवृत्ती कधी' एवढेच विचारत, आभार मानणारे थोडे. पण त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

कोड नेटवर ठेवायचे काम भाच्याचे. परवाना निवडायची वेळ आली तेव्हा त्याने मला दोन दाखवले. एक लांबलचक: हे काम घ्या, बदला, वाटा, पण यातून जे कराल तेही असेच उघडे ठेवा. दुसरा आखूड: घ्या आणि वाटेल ते करा. लांब परवाना कोणी वाचत नाही मामा, आखूडच बरा, असे तो म्हणाला. मी हो म्हटले. तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ गिऱ्हाइकांकडून वाचून घेणारा मी, मीच ती वाचली नाही.

पुढचे मला 'घुबड'कडून कळले. घुबड हे नेटवरचे टोपणनाव. दूर कुठल्याशा देशात राहणारा हा माणूस, किंवा बाई, मी कधी पाहिलेली नाही, पण पाण्याचा आवाज खरा झाला तो त्याच्यामुळे. एके दिवशी त्याने मला तुटकपणे विचारले, की तुम्ही हे विकलेत का? भाच्याने आमचा मॉड एका कंपनीला नेऊन दिला होता. वर त्या कंपनीत नोकरीही धरली होती. कोड बंद, नावे पुसलेली, माझे, घुबडाचे आणि हिचेही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. आखूड परवान्यात हे सगळे बसते, असे वकील म्हणतात.

हे कळायच्या आधीच भाचा घरी येऊन नवी आवृत्ती आमच्या कॉम्प्युटरवर चढवून गेला होता. मामी, आता आणखी छान झालंय, असे म्हणाला, जेवला आणि गेला. ती खेळायला बसली तर खेळ सुरूच होईना. आत जायला खाते उघडायचे होते, आणि आपण यंत्र नसून माणूस आहोत हे पटवायला चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायची होती. मी वाचून दाखवले. ती हसली. म्हणाली, "म्हणजे माझ्याच भुयाराच्या दारावर मला विचारतात, तू माणूस आहेस का?" मला हसू आले नाही. अजून येत नाही.

मी भाच्याला फोन केला. तो गोंधळला नाही, ओशाळलाही नाही. म्हणाला, "मामा, ते फुकटच होतं ना? मग मी कोणाचं काय घेतलं?"

इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्ही गोष्टींना 'फ्री' हा एकच शब्द आहे असे ऐकतो, त्यामुळे तिकडे गल्लत होत असेल. आपल्याकडे दोन आहेत. फुकट म्हणजे ज्याचे पैसे पडत नाहीत ते. मुक्त म्हणजे ज्याला कोणी कडी लावू नये ते. परक्याने घोळ घातला असता तर मी भाषेवर ढकलून मोकळा झालो असतो. हा माझ्या मांडीवर बसून बोलायला शिकला. त्याने केसाने गळा कापला असे मी म्हणतो, आणि हे वाक्य काढा असे वकिलांनी सांगितले तरी काढणार नाही.

घुबडाने जुनी आवृत्ती जपून ठेवली होती. ती मी परत बसवली आणि इंटरनेट तोडले. पत्नी रोज दुपारी खेळते. माझ्यामागे तिचे हे भुयार बंद पडू नये, एवढ्यासाठी हे कलम इतके लांबले.

कलम ५. नेटवर कोड ठेवला आहे त्या भांडाराचा पासवर्ड भागीदाराने घुबडाला कळवावा. आजवर सुटले ते सुटले. यापुढच्या सगळ्या कामाला लांब परवाना लावावा, आणि लावण्याआधी वाचावा.

कलम ६. मॉडचा कोड, मी केलेले आवाज आणि त्यांच्या मूळ फायली मी सर्वांना देतो. वापरा, शिका, बदला, वाटा.

या कलमात 'सर्वांना'च्या आधी मी 'भाचा सोडून' असे लिहिले होते. वकिलांची हरकत नव्हती. मी सगळा मसुदा पत्नीला वाचून दाखवला, तेव्हा याच ओळीवर तिने मला थांबवले.

"अहो, दार उघडं ठेवायचं म्हणता आणि उंबऱ्यात काठी घेऊन बसता. मग कडी त्यांनी लावली काय आणि तुम्ही लावली काय."

मी म्हणालो, त्याने तुला बाहेर ठेवले. ती म्हणाली, "हो ना. म्हणून तर मला माहीत आहे कसं वाटतं ते."

मी त्यावर दोन दिवस चिडून होतो. अजूनही भाच्याला माझी एक ओळसुद्धा मिळू नये असेच मला वाटते, आणि ते येथे नोंदवून ठेवतो. परंतु 'भाचा सोडून सर्वांना' हे मुक्त नव्हे, हे मला खोडता आले नाही. म्हणून ते दोन शब्द खोडले. सर्वांत तोही आला.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि पत्नीला ऐकवला. ती लाभार्थी असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही.

सही : (चष्मेवाला)

आमच्या समक्ष सही झाली :
साक्षीदार १. डोळ्यांचे डॉक्टर
साक्षीदार २. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
तारीख : वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे

खोडाखोड : कलम ६, शब्द दोन. राजीखुशीने नव्हे, पण स्वतःच्या हाताने.
सही : (चष्मेवाला)