टाकी ओढ्यात सोडली

मंगळवार, संध्याकाळ

गिऱ्हाईक उतरवून परत येताना मी चालवतो त्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे सहलीच्या फिरत्या घराच्या, संडासाची टाकी काठोकाठ भरली होती. मालक फोनवर म्हणाले, "चाकणच्या अलीकडं ओढ्यात सोडून दे, कोण बघतंय!" मी पाइप लावला, व्हॉल्व्ह उघडला. खालच्या अंगाला एक आजी मेथीच्या जुड्या धूत होती, ती मला नंतर दिसली.

"काय सोडलंस रं?" तिनं विचारलं.

"साबणाचं पाणी हाय, आजी."

का खोटं बोललो? नोकरीच्या भीतीनं, की लाजेनं?

तिला ते पटलं. उरलेली मेथी तिनं त्याच पाण्यात धुतली आणि एक जुडी माझ्या हातात दिली. "घरी ने, लेकरा."

घरी बायको ती निवडायला बसली, तेव्हा मी ती हिसकावून कचऱ्यात टाकली. बाकीच्या जुड्या घेऊन आजी आत्ता बाजारात बसली असेल.