चुन्याची निवळी

भद्रावती, ३ डिसेंबर २०२३

चि. चंदन यास आत्याचे भरभरून आशीर्वाद.

डॉक्टरांनी जबडा बांधून ठेवलाय, तेव्हा फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. म्हणून पत्रानं भांडते. तुझी आई नागपुरात तुझ्याजवळ आणि मी पोंभुर्ण्याहून येऊन तुझ्या क्वार्टरात मासोळ्यांजवळ, अशी वाटणी झाली आहे. टाकीतलं खारं पाणी उडून जातं तेवढं गोडं पाणी रोज घालते. तो नारिंगी मासा माझ्याकडे शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा बघतो.

पण टाकीखालच्या कपाटात काय सापडलं? चुन्याचा भला मोठा डबा! चंदन, तोंड कापावं लागलं तरी साठा सुटला नाही तुझा? गावोगावच्या सभांत मी ओरडून सांगत आले, की गोळीनं माणूस मेला तर पोलीस येतात, तंबाखू-चुन्याच्या खर्ऱ्यानं मेला तर ठेल्यावर नवं गिऱ्हाईक येतं. आणि माझ्याच भावाच्या पोराच्या घरी चुना! मी तो सगळा मागच्या नालीत ओतला. राग आला तर लवकर बरा हो आणि समोर येऊन भांड.

तुझी वाट पाहणारी,
सत्यशीला आत्या

नागपूर, १२ डिसेंबर

ती. आत्याबाईस सा. न. वि. वि.

तुमी फेकला तो चुना माझा नव्हता. माझा खिशातल्या डबीत असे, अन् त्यानं त्याचं काम केलं. कपाटातला टाकीतल्या पोवळ्यांचा होता.

पोवळं दगड नाई, जीव आहे. पाण्यातलं कॅल्शियम ओढून आपलं हाड बांधते. त्याले जोडीला अल्कलिनिटी, म्हंजे पाण्याचा क्षारपणा, लागते. दोन बैलांतला एक बसला की बंडी जागीच. चुन्याच्या निवळीतून दोन्ही भेटतात. खणात तपासणीचा संच आहे. नळीतल्या पाण्यात थेंब टाकत जा, निळं पाणी लवकरच पिवळं झालं तर समजा अल्कलिनिटी घटली.

नवा डबा मागवला, पण पार्सल येईस्तोवर बिरजूच्या पानठेल्यावरून सादा चुना आणा. हसून नाई राह्यलो, खरंच आणा. गोड्या पाण्यात कालवा, गाळ बसू द्या. वरची निवळी तेवढी घ्या अन् थेंबथेंब सोडा. घाई केली तर टाकी दुधासारखी होते अन् सारेच जातात. अन् भांड्यावर झाकण ठेवा. नुसत्या हवेनंही निवळी बिघडते. शाळेत तुमीच शिकवलं होतं. निवळीत नळीनं फूक म्हणाल्या, मी फुकलो अन् काचेचा गिलास पांढराफेक झाला. आता मले फुकता येत नाई, म्हणून आठवलं.

मी येईन तोवर त्यायले जगवा. माया आहेच, थोडी मासोळ्यांवरही करा.

तुमचा चंदन

भद्रावती, २० डिसेंबर

चि. चंदन यास आशीर्वाद.

गेले. ज्या ठेल्यासमोर उभी राहून मी भाषण केलं होतं, त्याच ठेल्यावर चुना मागितला. बिरजूनं हातातला खर्रा घोटायचा थांबवून विचारलं, की काऊन बाई, आता तुमीबी का? चौकातले सगळे हसले. मी म्हटलं, समुद्रासाठी हवाय. मग आणखीच हसले.

संचातलं पाणी थोड्याच थेंबांत पिवळं झालं होतं. डावीकडचं जांभळं पोवळं टोकापासून पांढरं पडत गेलं आणि वाचलं नाही. ते माझ्या हातून गेलं. आता रोज सकाळी निवळी सोडते, आणि उरलेली टिकून आहेत. हिरव्याला काल कडेनं नवी फिकट कोर दिसली. ज्यानं तुझं हाड खाल्लं, तेच इथं हाड बांधतंय. हे सभेत कसं सांगावं, मला कळत नाही.

लवकर ये. तोवर टाकीची आणि तुझी,
आत्या

राजुरा, ६ मार्च २०२४

सत्यशीलाबाईस गुणाबाईचा नमस्कार.

माह्या चंदनची तेरवी झाली तशी मी इथी भावाकडे येऊन पडले. जेवण जात नाई. क्वार्टर खाली करायचा कागद आला आहे. टाकी कोनाले देऊन टाका, मले पाहवत नाई. एकच सांगा. डॉक्टरांनी हात टेकले अन् त्याले घरी आणलं, त्या दिवशी तो टाकीसमोर बसला होता. पाटीवर लिहून त्यानं तुमाले काही विचारलं, तुमी मान हलवली अन् पाटी पुसली. मले वाटलं माह्यासाठी काही असंल. काय होतं ते?

तुमच्या आधाराची,
गुणाबाई

भद्रावती, १४ मार्च

गुणावहिनींस सप्रेम नमस्कार.

वहिनी, तुमच्यासाठी काही नव्हतं, आणि माझ्यासाठीही नव्हतं. पाटीवर एवढंच होतं: ‘झाकण ठेवता ना?’

टाकी कोणाला देणार नाही. उद्या हिरवं पोवळं झाकणाच्या बादलीत घेऊन पोंभुर्ण्याला निघते, टाकी मागून टेम्पोनं येईल. मन झालं की तुम्हीही या. निवळी कशी करायची ते शिकवीन. गाळ खाली बसेपर्यंत वाट पाहायची, बाकी काही नसतं. मी तर झाकण काढताना तोंडही बाजूला वळवते, माझा श्वास लागू नये म्हणून.

तुमचीच,
सत्यशीला