लाइन आली की आकडा वाढतो

१९ नोव्हेंबर २००७, सकाळ
ब्राउझरच्या कोपऱ्यात कापसाचा भाव दाखवणारं ॲड-ऑन मी बनवलं, साइटवर फुकट ठेवलं. डाउनलोड १२. नाचणगावच्या रत्नदीपचं ॲड-ऑनही तेच काम करतं. त्याचे १३१. संशयास्पद. नाचणगावात १३१ कॉम्प्युटर आहेत तरी का? नक्कीच पाहुणेमंडळी कामाला लावली असणार. आकड्यावरून दर्जा कळत नाही. आजपासून आकडा बघणार नाही.

दुपार
बघितला. १२.

२२ नोव्हेंबर
हिंगणघाटला कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक बबनराव भेटले. म्हणाले, दोघायचंही टाकून पाहतो. पंधरा दिवसांनी ज्याचे डाउनलोड जास्त, त्याचंच ऑफिसात ठेवीन. मी म्हटलं, आकड्याचं काही खरं नसतं. स्टँडवरच्या हॉटेलात गर्दी असते ती स्टँडमुळे, कचोरीमुळे नाही. ते म्हणाले, मले आवडते ते कचोरी.
जिंकायलाच हवं. घरात मला रिकामटेकडा म्हणणं तरी बंद होईल.

२७ नोव्हेंबर
९२! जनता उशिरा का होईना, दर्जा ओळखते. आकड्यांबद्दलचं माझं आधीचं मत घाईचं होतं. बायकोला सांगितलं. सुलोचना म्हणाली, बरं, दळण आणा.

३ डिसेंबर
१७२. रत्नदीप १३५. अकरा दिवसांत फक्त चार. माझं निरीक्षण: भारनियमनानंतर लाइन आली की माझा आकडा चारने वाढतो. म्हणजे लोक आधी मला शोधतात, मग बाकीची कामं.
रत्नदीपला मुद्दाम फोन केला. तो म्हणाला, भाऊ, एकदा टाकलं का चालूनच राह्यते, परत कोन काऊन डाउनलोड करन? हरलेल्या माणसाची सारवासारव.

७ डिसेंबर
२३६. पेढे घेऊन बबनरावांकडे गेलो. त्यांचे मुनीम नत्थूजी हात जोडून म्हणाले, साहेब, चार कॉम्प्युटर हायेत. लाइन गेली का तुमचं पुसल्या जाते. आली का चारहीवर मीच परत टाकतो, दिवसातून चारदा. बोटं दुखून राह्यले.
बबनराव शब्दाला पक्के. म्हणाले, जास्त तुमचेच, तुमचंच ठेवतो. नत्थूजींचा चेहरा बघवेना. मोठ्या मनाने मीच माघार घेतली. फार वाईट वाटलं. पेढे तिथेच राहिले.

१० डिसेंबर
रत्नदीपच्या ॲड-ऑनमध्ये काहीतरी घोळ असणारच. फक्त खात्री करायला माझ्या कॉम्प्युटरवर टाकलं. आज तिसरा दिवस. लाइन नऊदा गेली.
त्याचं अजून चालूच आहे.