कणकेचा हात

१४ सप्टेंबर १९८३

उचल! हाच शब्द वापरला मार्तंडरावांनी. फोर्टच्या फुटपाथवरून आणलेली पाच-सहा विलायती संगीत मासिकं माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "वसुधा, दिवाळी अंकाचं कव्हर यातलंच एखादं उचल. त्या माणसाच्या जागी आपला गवई बसव, झालं!" झालं? केस पिंजारलेल्या गिटारवाल्याच्या जागी आमचे धोतरातले बुवा? वर्षभर 'सुरपेटी' मासिकात जाहिरातींच्या चौकटी आखल्या, तेव्हा कुठे पहिलं कव्हर मिळालं. तेही चोरीचं? संपादक असतील ते, घाटकोपरच्या दीड खोलीचे! मी नाही करणार.

१५ सप्टेंबर

मासिकं चाळली मात्र. एक कबूल — ते लोक कव्हरवर एकच गोष्ट ठेवतात आणि गप्प बसतात. आपल्याकडे वीणा, मोर, समई, कमळ, सगळं एकाच पानावर! घ्यायचं तर एवढंच घेईन.

१८ सप्टेंबर

जोगेश्वरीला मामाकडे गणपतीसमोर भजन होतं. सुरू होण्याआधी बाळा पखवाजी नाद घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापत होते. अंगठा असा काही फिरला — सापडलं! चेहरा नको, बुवा नको. लाल रंग, त्यावर फक्त तो हात.

२२ सप्टेंबर

मार्तंडरावांनी चित्र लांब धरलं. बराच वेळ पाहिलं. "छान आहे. पण हे मी कुठेतरी पाहिलंय गं."

"कुठे?"

"आठवत नाही. जुनं आहे काहीतरी."

अंगाचा तिळपापड झाला. आठ दिवसांपूर्वी 'उचल' म्हणणारा माणूस आज मला चोर ठरवतो! आमचा कंपोझिटर सहदेव मान खाली घालून छपाईचे खिळे जुळवत राहिला. भित्रा!

२३ सप्टेंबर

गेले नाही. आई म्हणते, "रुसून कुठे नोकरी होते का?" हा रुसवा नाही!!

२६ सप्टेंबर

राजीनामा लिहूनच गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, "तो अंक दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या." त्यांनी कपाट उपसलं. दुपारपर्यंत जुने अंक चाळत होते. नाही मिळाला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "चुकलं माझं. वय झालं, काहीही पाहिल्यासारखं वाटतं." सत्तरीचा माणूस. मला जराही दया आली नाही. वर सांगितलं, पहिल्या पानावर माझं नाव हवं. ठळक. कबूल झाले.

२५ ऑक्टोबर

अंक आला. 'मुखपृष्ठ : वसुधा'! सहदेव म्हणाला, "झकास यार! प्रत्येक स्टॉलवर तुझाच हात लटकतोय."

मार्तंडराव हल्ली बिचकून बोलतात. "मला वाटतं... पण माझं सोड, तूच बघ." बघतेच आहे. शिकले म्हणायचे.

३० ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. आई दर वर्षी फळीवर जुन्या कागदावरच नवा कागद घालते. या वेळी सगळा थर उचकटला. अगदी तळाशी, तेलाने पिवळं पडलेलं एका संगीत मासिकाचं कव्हर. १९६५. लाल रंग. पखवाज, कणीक, एकच हात. अंगठासुद्धा तस्साच.

आई हसली. "अगं, तू दोन-तीन वर्षांची असताना यावर बोट ठेवून 'पोई, पोई' म्हणायचीस. पोळी वाटायची तुला ती!"

कागद पुसून ठेवला आहे. उद्या सगळ्यांसमोर मार्तंडरावांच्या हातात द्यायचा आहे.