सही करायला आत यावे लागेल

मी, धम्मशीला जानराव वाकोडे, वय बासष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार देऊळघाट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. वॉर्डात लागलेला क्षय फुफ्फुसांत उतरला आहे, औषधांना दाद देत नाही. डोके शाबूत आहे.

१. राहते घर मुलगा प्रसेनजित याला. अट काही नाही. कोरोनात त्याचे वडील मलकापूरच्या दवाखान्यात होते आणि मी बुलढाण्याला ड्युटीवर. बदलीची सिस्टर आली नाही. ऑक्सिजनवरची माणसे टाकून मला उठता आले नाही. पोचले तेव्हा जानराव गेले होते. "तुले लोकायचे पेशंट दिसले, माहा बाप नाई दिसला," एवढे बोलून प्रसेनजित निघून गेला, तो पुन्हा या घरात जेवला नाही. तेही कुणाचे तरी बापच होते, हे मी आजही म्हणेन. रडत म्हणेन, पण म्हणेन.

२. बँकेतली शिल्लक नात वैष्णवीच्या शिक्षणाला. तिला नर्स व्हायचे आहे. कोणी अडवू नये, कोणी ढकलूही नये.

३. शेजारी उकंडराव जवरे यांनी कोरोनात, मी दवाखान्यातून रोग आणीन म्हणून, माझ्या दारापुढे बाभळीचे काटे टाकले होते. पुढे तेच माझ्या वॉर्डात आले. मी त्यांना पाणी पाजले, कुशीवर वळवले. काट्यांचा राग अजून गेलेला नाही. साक्षीदाराला कायद्याने काही देता येत नाही, नाहीतर ते काटे ज्याने तोडले ती घरातली कोयती मी त्यांनाच दिली असती.

४. माझ्या देहाला भिऊ नये. मास्क लावावा, खिडक्या उघडाव्यात आणि नीट आंघोळ घालावी. पांढरे पातळ पेटीत वरच आहे.

साक्षीदारांना माझ्यासमोर सही करावी लागते. या खोलीत यायला गल्लीतले कोणी तयार होईना. शेवटी उकंडराव मास्क बांधून आले, खाटेशी बसले आणि म्हणाले, "सिस्टर, कुठी करू सही?" मी बोटाने जागा दाखवली.

प्रसेनजित सकाळपासून उंबरठ्याबाहेर उभा आहे. घर त्याला मिळणार, म्हणून त्याची साक्ष चालत नाही. आत येऊन माझ्याजवळ बसायला मात्र कायद्याची हरकत नाही.

स्थळ: देऊळघाट, जि. बुलढाणा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: धम्मशीला जानराव वाकोडे

साक्षीदार:
१. उकंडराव जवरे, शेजारी
२. काजल तायडे, मला औषध द्यायला येणारी परिचारिका

खुलासा: माझी सही वाकडी आली आहे, ती माझीच समजावी. कागद प्रसेनजितने धरला होता आणि त्याचा हात थरथरत होता.